छताला विचारलेले प्रश्न

मी एक जुना लोखंडी स्टँड आहे. लगेच "कसला स्टँड, सायकलचा की छत्र्यांचा?" असं विचारू नका, मित्रांनो. त्या प्रश्नाने माझं डोकं फिरतं. मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला स्टँड आहे. खाली बिडाचा चौकोनी पाया, त्यात रोवलेली उंच सळई आणि सळईला स्क्रूने आवळलेली एक पकड. त्या पकडीत काचेची लांब नळी उभी धरायची, हे माझं काम. त्या नळीला ब्युरेट म्हणतात. तिच्या तोटीतून थेंब थेंब द्रावण खालच्या चंबूत पडतं आणि नेमक्या एका थेंबाला चंबूतलं पाणी रंग बदलतं. तो थेंब ज्याला ओळखता आला, तो पास झाला म्हणून समजा.

माझा जन्म एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. माझ्याबरोबर माझी अनेक भावंडं एकाच दिवशी साच्यातून बाहेर पडली. मला ओतताना कारागिराचं लक्ष कुठे गेलं होतं देव जाणे, माझ्या पायाचा एक कोपरा जरासा अधांतरीच राहिला. त्यामुळे मी उभा राहिलो की डुगडुगतो. कॉलेजात आल्या आल्या प्रयोगशाळेतल्या मामांनी माझं नाव ठेवलं डुगडुग्या. मामा म्हणजे तिथले परिचर. काचसामान धुणं, बाटल्या भरणं, मुलांवर ओरडणं हे सगळं त्यांच्याकडे होतं. त्यांनी पुठ्ठ्याची घडी करून माझ्या कोपऱ्याखाली सरकवली आणि काच कचकन दाबली जाऊ नये म्हणून पकडीच्या जबड्याला रबरी नळीचा तुकडा गुंडाळला. "झालास माणसात," असं म्हणून ते दुसऱ्या कामाला गेले.

ते दिवस फार चांगले होते. परीक्षेच्या दिवशी मुलं एका हाताने ब्युरेटची तोटी धरायची आणि दुसऱ्या हाताने मला, जसं काही उत्तर मीच सांगणार आहे. कितीतरी घामेजलेले हात माझ्या सळईने पाहिले. त्यातली काही मुलं पुढे स्वतःच सर झाली, काही औषधांच्या कारखान्यात गेली, काहींचं काय झालं ते मला कळलं नाही.

माझ्या बाकावर शिकवायला यायच्या त्या मॅडम. तरुणपणी आल्या आणि तिथेच राहिल्या. उंचीने बेताच्या, आवाज मात्र असा की शेवटच्या रांगेतल्या झोपाळूलाही सुट्टी नाही. त्यांची एक सवय होती. एक भाग शिकवून झाला की त्या थांबायच्या, "काही शंका?" असं विचारायच्या आणि मग एकेका चेहऱ्याकडे बघत राहायच्या. हात कुणीच वर करायचं नाही. तरी मॅडम बरोबर एखाद्याला पकडायच्या आणि म्हणायच्या, "तू, तुला कळलेलं नाही. बोल, कुठे अडलं?" आणि खरंच त्याचं तिथेच अडलेलं असायचं. मामांना त्याचं भारी नवल वाटे. मॅडम त्यांना सांगत, शंका आधी तोंडावर येते, मग तोंडात येते.

पुढे नवी इमारत झाली. तिथे नवे चकचकीत स्टँड आले, त्यांचे चारही कोपरे जमिनीला टेकणारे. मामा निवृत्त झाले. मी जुन्या प्रयोगशाळेच्या कपाटात, फुटक्या बीकरांच्या मागे जाऊन पडलो. कपाटाचं दार उघडलं की वाटायचं, आता आपला नंबर लागला. पण कुणीतरी झाडू घ्यायचं आणि दार लावून जायचं. मित्रांनो, वापरून झिजण्याचं दुःख मला कधी झालं नाही. न वापरता गंजण्याचं फार झालं.

मग एके दिवशी मॅडमनीच मला बाहेर काढलं. त्यांचेही केस आता पांढरे झाले होते आणि विभागातले बाकीचे सगळे त्यांच्यापेक्षा वयाने लहान होते. विभागप्रमुख सरसुद्धा. या सरांना नव्या गोष्टींची भारी हौस. मुलं मोबाइलमध्येच राहतात, तर आपणही तिथेच राहायला जायचं, असं ते म्हणत. विद्यापीठाने नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचा ऑनलाइन वर्ग काढला होता. लांबलांबच्या गावांतली, दिवसभर कुठे ना कुठे राबणारी माणसं त्यात होती. व्याख्यानं सगळी ऑनलाइन, फक्त शेवटी प्रयोगाच्या परीक्षेला एकदा कॉलेजात यायचं. संध्याकाळी घरी जायचं सोडून तो वर्ग घ्यायला कुणी तयार होईना. मॅडमना घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, म्हणून तो त्यांच्या गळ्यात पडला. पण त्यांना मनापासून आनंद झाला होता, हे मला त्यांच्या हातांवरून कळलं. त्यांनी मला पुसलं, तेल दिलं आणि स्क्रू पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला.

ब्युरेटसाठी दुसरा, छोटा स्टँड आणला होता. मला काम वेगळंच दिलं. माझी पकड सळईच्या अगदी टोकाला चढवली आणि तिच्यात विभागाचा एक मोबाइल आडवा धरला. त्याचा कॅमेरा खाली बाकाकडे, म्हणजे मुलांना प्रयोग वरून दिसेल. आणि पडदा वर, छताकडे. मी बाकावर उभा राहिलो की माझं टोक मॅडमच्या डोक्याच्याही वर जात होतं.

ही सगळी जुळवाजुळव केली कॉलेजच्या कॉम्प्युटर ऑपरेटरने. त्याला सगळे पासवर्ड म्हणतात, कारण दिवसभर जो तो त्याच्याकडे तेवढंच मागायला येतो. पोरगा गुणी, पण सदा घाईत. सरावाच्या दिवशी मॅडमनी फोनवर कुठेतरी बोट लावलं आणि सगळं बंद पडलं. तेव्हा विभागप्रमुख सर सगळ्यांसमोर हसले. मॅडमनी त्या दिवसापासून कानाला खडा लावला. त्या पासवर्डला म्हणाल्या, तू यंत्र बघ, मी रसायन बघते. त्यालाही तेच सोयीचं होतं. रोज तो यायचा, फोन माझ्या पकडीत बसवायचा, वर्ग चालू करून जायचा. तास संपला की घाईघाईने येऊन, किती जण आहेत तेवढं बघून लाल बटण दाबायचा आणि फोन कपाटात ठेवायचा. मॅडमचा हात फोनला लागतच नसे. त्यांचा स्वतःचा फोन साधा, बटणांचा होता.

पहिल्या दिवशी मॅडम नळावर हात धूत असताना पासवर्डने फोनमध्ये तोंड घालून वर्गाला सांगितलं, "सगळ्यांचे माइक बंद राहतील, नाहीतर घराघरातल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. काही विचारायचं असेल तर लिहून पाठवा. मॅडम बघतील."

मुलांना हे सांगितलं. मॅडमना सांगायचं राहिलं. त्याला वाटलं, त्यांना माहीत असणारच. मॅडमना वाटलं, कुणाला काही विचारायचं असलं तर आवाज येईलच की. मित्रांनो, एवढीच चूक झाली. कुणाच्या मनात पाप नव्हतं.

मॅडमनी शिकवायला सुरुवात केली, आणि माझ्या टोकाला धरलेल्या त्या पडद्यावर अक्षरं उमटू लागली. इतकी वर्षं फळ्यासमोर उभं राहून मला वाचता येऊ लागलं होतं. नमस्कार मॅडम. आवाज छान येतोय मॅडम. मॅडम, तोटी डाव्या हाताने का धरायची? आणि मग, मॅडम, तुमचं डोकं मध्ये येतंय, चंबू दिसत नाही. कारण मॅडम चंबूवर वाकल्या की कॅमेऱ्याला फक्त त्यांचा पांढरा भांग दिसत होता.

मॅडम थांबल्या. "काही शंका?" असं विचारून त्यांनी वाट पाहिली. बघायला चेहरे नव्हते, म्हणून त्या बाकाकडे बघत राहिल्या. वर पडद्यावर प्रश्नांची रीघ लागली होती. एकाखाली एक, एकाखाली एक. ते सगळे छताकडे तोंड करून होते. छताला एक पंखा होता, तो फिरत होता.

"नाही?" मॅडम म्हणाल्या. "बरं. पुढे जाऊ या."

त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगता येत नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा डोक्यावरच होता. टाचा उंचावून वीतभर वर डोकावलं असतं तरी पुरलं असतं. पण पासवर्डने बजावलं होतं, मॅडम, तुम्ही फोनकडे बघूच नका, नाहीतर गोंधळ होतो. मॅडम फार आज्ञाधारक होत्या. त्यांनी बघितलं नाही.

पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुख सर फोटो काढायला आले. माझा, मॅडमच्या हातांचा आणि वर धरलेल्या फोनचा. तो त्यांनी कॉलेजच्या पानावर टाकला, खाली लिहिलं, "जुन्या स्टँडला नवी नोकरी." अहो, काय ते लाइक! पासवर्ड येऊन वाचून दाखवत होता आणि मी फुशारून गेलो होतो. कपाटातला डुगडुग्या एकदम नवरदेव झाला होता. त्या फोटोखाली कुणीतरी विचारलं होतं, वर्ग लाइव्ह असतो का हो? पासवर्डने तेही वाचलं आणि हसून पुढे सरकवलं. उत्तर कुणी दिलं नाही. मलाही तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

काही दिवसांनी पडद्यावरचा सूर बदलला. मॅडम, डोकं! डोकं मॅडम! असं दहादा लिहूनही डोकं हलेना, तेव्हा कुणीतरी लिहिलं, अरे, ओरडून काय उपयोग, हे रेकॉर्ड केलेलं आहे. दुसऱ्याने लिहिलं, नक्कीच, नाहीतर एकदा तरी उत्तर दिलं असतं. तिसऱ्याने कॉलेजच्या ऑफिसला मेल केला होता. त्याला उत्तर आलं होतं, आपली सूचना मिळाली, धन्यवाद. तेही आपोआप आलेलं. मग तर खात्रीच पटली. मॅडमना नाव पडलं रेकॉर्डवाल्या मॅडम. आणि रेकॉर्ड केलेलंच असेल तर वेळेवर कशाला यायचं? नंतर बघू, असं म्हणून एकेक जण जाऊ लागला. नंतर कुणीच बघत नाही हे तुम्हालाही माहीत आहे, मित्रांनो, उगाच मान खाली घालू नका.

इकडे पासवर्ड फोन काढताना सांगायचा, आज कमी होते मॅडम. मॅडम बाक पुसायला घ्यायच्या. एकदा विभागप्रमुख सर दारातूनच सांगून गेले की सत्र संपेपर्यंत संख्या अशीच राहिली तर वर्ग गुंडाळावा लागेल. मॅडमना कपाळावर आठी आणायचीही सवय नव्हती. त्यांनी फक्त ब्युरेट पुन्हा एकदा धुतली.

त्यांची मोठी बहीण दुसऱ्या गावी राहायची. तास सुरू व्हायच्या आधी कधी कधी तिचा फोन यायचा. मला इकडचंच बोलणं ऐकू यायचं. "नाही गं ताई, कुणी काही विचारत नाही. भिंतीशी बोलल्यासारखं होतं. येते मी तुझ्याकडे, एवढं सत्र होऊ दे. आता मला शिकवता येत नाही बहुतेक." हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला रडू आलं असतं. पण लोखंडाला रडणं म्हणजे गंजणं. मला सांगायचं होतं, अहो मॅडम, विचारतात हो! डोकं फुटेस्तोवर विचारत होती पोरं. भिंतीला कान असतात म्हणतात. मला डोळेही होते. नव्हतं ते तोंड.

शेवटी वर्गात एकच जण उरलं. पडद्यावर नाव दिसायचं, छकुलीची आई. तोच मोबाइल लेकीच्या शाळेसाठीही वापरायचे, म्हणून ते नाव. ती एका दूध डेअरीत काचसामान धुते, हे तिने पहिल्याच आठवड्यात लिहिलं होतं. तिथे दूध आंबट होत चाललंय का, हे याच प्रयोगाने तपासतात. या वर्गाची परीक्षा पास झाली तर तिला धुण्याच्या मोरीवरून तपासणीच्या टेबलावर जाता येणार होतं. मध्ये फक्त एक काचेचं दार होतं, असं ती म्हणे.

बाकीचे गेले, ती राहिली. मॅडम रेकॉर्ड केलेल्या आहेत हे तिनेही मान्य केलं होतं. पण डेअरीतली पाळी सुटल्यावर बस यायला वेळ असे. तेवढ्यात ती मोरीवरच्या बाटल्यांना मोबाइल टेकवून तास ऐकायची. आणि लिहायची. कुणी वाचणार नाही हे माहीत असल्यामुळे ती मोकळेपणाने लिहायची. आज दोन चंबू फुटले माझ्या हातून, साहेब काही बोलले नाहीत, पण बघितलं. छकुलीला ताप आहे, सासूबाईंपाशी ठेवून आले. मॅडम, तुमच्या हातावर भाजल्याचा डाग आहे, तो कशाचा? मॅडम, गुलाबी रंग येतो आणि हलवलं की जातो. तेव्हा थांबायचं, की टिकेपर्यंत थेंब टाकायचे? हा शेवटचा प्रश्न ती पुन्हा पुन्हा विचारायची. तास संपला, लाल बटण दाबलं, की सगळं पुसलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी पडदा कोरा व्हायचा.

मी मात्र काही विसरलो नाही. संध्याकाळ झाली की मी तिची वाट पाहू लागलो. तिचं सुखदुःख मला कळत होतं, आणि मला ते कळतंय हे तिला कळत नव्हतं. खाली मॅडम, तिकडे ती, मध्ये मी. तिघं एकाच वर्गात आणि तिघंही एकटे. असं एकटेपण मी कपाटातसुद्धा भोगलं नव्हतं.

मॅडमनी एकदा पासवर्डला विचारलं, कुणी आहे का आज? तो म्हणाला, एक दिसतंय मॅडम, पण फोन चालू ठेवून झोपलं असेल कुणीतरी. मॅडम म्हणाल्या, "असू दे." आणि पांढऱ्या कोटाची बटणं लावून त्यांनी पूर्ण तास शिकवलं, एकही वाक्य न गाळता. शेवटी "काही शंका?" असंही विचारलं.

उन्हाळा लागला. मामांनी गुंडाळलेलं ते रबर वाळून कडक झालं होतं, त्याला भेगा पडल्या होत्या. फोन सरकतो म्हणून पासवर्ड रोज स्क्रू आणखी आवळायचा, आणि भरवशाला चार्जरची वायर फोनला दोन वेढे देऊन माझ्या सळईला बांधायचा.

त्या संध्याकाळी छकुलीच्या आईने आल्या आल्या लिहिलं, मॅडम, आज शेवटचा दिवस. उद्यापासून माझी दुपारची पाळी, ती रात्रीच सुटते. परीक्षेला बसत नाही, असं घरी सांगून टाकलंय. रंगाचं काही मला कळलं नाही, ते राहिलंच. पण तुम्ही फार छान शिकवता. तुम्ही खऱ्या असतात तर तुम्हाला सांगितलं असतं.

मी ते वाचलं. खाली मॅडम ब्युरेट भरत होत्या. मित्रांनो, तेव्हा मी मुद्दाम काही केलं, अशी फुशारकी मी मारणार नाही. बिडाच्या वस्तूला मुद्दाम काही करता येत नाही. रबराचा तुकडा पडला, एवढंच खरं. पकड सुटली, फोन निसटला, ब्युरेटवर आदळला, ती खळकन फुटली, आणि वायरीच्या वेढ्यांत अडकून फोन मॅडमच्या नाकासमोर लोंबकळत राहिला. पडदा त्यांच्याकडे करून.

"अगं बाई!" मॅडम म्हणाल्या.

पडद्यावर लगेच अक्षरं आली. मॅडम, काय फुटलं? काच लागली का हाताला?

मॅडमनी चष्मा वर केला. आधी त्यांनी ते वाचलं. मग त्याच्या वरचं वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यांचा हात ओला होता, त्यातून खरंच थोडं रक्त येत होतं, आणि त्या तो तसाच धरून उभ्या होत्या.

"छकुलीची आई," त्या फोनच्या अगदी जवळ जाऊन म्हणाल्या. "मी खरी आहे हो. मी इथेच आहे. रोज इथेच होते."

मला वाटलं, गेली. मग एक ओळ आली. मॅडम, खऱ्या असाल तर तोंड दाखवा.

मॅडमनी लोंबकळणारा फोन हातात घेतला. कानाचा खडा काढून टाकला म्हणायचा. तो त्यांनी उलटा केला आणि कॅमेऱ्यात पाहिलं. सबंध सत्रभर ज्यांचा फक्त भांग आणि हात दिसले होते, त्यांचा चेहरा पहिल्यांदा दिसला. तिकडून काय आलं ते मॅडमना वाचता येईना, कारण पडदा आता माझ्याकडे होता. त्यावर लिहिलं होतं, तुम्ही किती म्हाताऱ्या आहात मॅडम. आणि खाली, म्हणजे वाईट नाही म्हटलं हं.

मॅडमनी फोन वळवून ते वाचलं आणि त्या हसल्या. हसता हसता त्यांनी कोटाच्या बाहीने डोळे पुसले. मग त्यांनी विचारलं, इतके दिवस काय काय विचारत होतात? छकुलीच्या आईने लिहिलं, आता सगळं आठवत नाही मॅडम, फार होतं. आम्ही सगळेच विचारत होतो.

सगळं फक्त मला आठवत होतं, आणि आजही आठवतं. डाव्या हाताचा प्रश्न, डोक्याची विनवणी, भाजल्याचा डाग, छकुलीचा ताप. ते मॅडमना सांगता येणार नाही, याचं मला वाईट वाटतं.

पासवर्ड आला तेव्हा बाकावर काचा आणि मॅडम फोनशी बोलतायत, हे बघून दारातच थबकला. सगळं कळल्यावर त्याचा चेहरा एवढासा झाला. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे, एवढंच तो म्हणत राहिला. मॅडम त्याला रागावल्या नाहीत. मान वर करून बघावं हे मलाही सुचलं नाही रे, असं म्हणाल्या. त्यांनी त्याच्याकडून सगळ्या मुलांचे नंबर घेतले आणि आपल्या बटणांच्या फोनवरून एकेकाला लावले. कुणी उचलला नाही, कुणाचा नंबर बदललेला. जे बोलले ते ओशाळून म्हणाले, ते रेकॉर्ड केलेलं होतं ना, मॅडम? आता फार उशीर झाला, दुसरीकडे लागलो. परत कुणी आलं नाही. विभागप्रमुख सरांनी पुढच्या सत्रापासून वर्ग बंद करायचं ठरवलं, आणि नियमाने बघितलं तर त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही.

पण सत्र संपायला अवकाश होता. मॅडमनी छकुलीच्या आईला विचारलं, तुमची दुपारची पाळी कधी सुरू होते? त्याच्या आधी सकाळी आपण बसू. मग सत्र संपेपर्यंत एका बाईसाठी एक वर्ग चालला. ब्युरेट नवी होती, पकडीला तात्पुरती सुतळी गुंडाळली होती, फोन आता मॅडमच्या समोर उभा असायचा आणि पासवर्डने माइक उघडून दिला होता. "टिकला पाहिजे रंग," मॅडम सांगायच्या. "हलवल्यावरही टिकला, तरच तो आला म्हणायचा."

परीक्षेच्या दिवशी ती आली. बारीकशी, खांद्याला पिशवी, हात पाण्यात राहून पांढरे पडलेले. मी तिला लगेच ओळखलं, तिने मला नाही. तिने माझ्या पकडीत ब्युरेट बसवली, एका हाताने तोटी धरली आणि दुसऱ्या हाताने मला. बाहेरचे परीक्षक समोर होते, मॅडम लांब खिडकीशी उभ्या होत्या. थेंब पडला, गुलाबी झालं, तिने हलवलं, गेलं. तिने वर मॅडमकडे बघितलंही नाही. आणखी एक थेंब टाकला. हलवलं. फिकट गुलाबी रंग राहिला तो राहिलाच.

परीक्षा झाल्यावर दोघी माझ्यापाशी आल्या. "हाच का तो?" तिने विचारलं. मॅडम म्हणाल्या, "हाच." तिने माझ्या जबड्यावरची सुतळी सोडली, पिशवीतून डेअरीतल्या नव्या रबरी नळीचा तुकडा काढला आणि नीट गुंडाळून दिला. मला कुणी काही आणण्याची ती पहिलीच वेळ. मग त्या दोघी बोलत बोलत बाहेर पडल्या आणि दिवा बंद झाला.

आता छकुलीची आई काचेच्या दाराच्या पलीकडे बसते, असं ऐकलं. मॅडम बहिणीकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी मला कपाटात ठेवू दिलं नाही, बाकावरच राहू दिलं. दुसऱ्या विभागाचा ऑनलाइन वर्ग या खोलीत सुरू झाला आहे. नवे सर आहेत, घाईतले. त्यांनीही माझ्या पकडीत फोन आडवा धरला आहे, पडदा छताकडे. काल कुणीतरी लिहिलं होतं, सर, आवाज येतोय का? सर बोलतच राहिले.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी पुढे शिकवायला लागेल. तेव्हा माझ्यासारख्या एखाद्या स्टँडवर तुमचा फोन असेल आणि समोर कुणी दिसणार नाही. मध्ये मध्ये थांबा आणि मान वर करून बघा. माझ्या भरवशावर राहू नका. रबर नवं आहे, पकड घट्ट आहे. आता माझ्या हातून काही निसटणार नाही.